हॅलेच्या कक्षेचा बोर्ड, अपडेट ३: दोरा बदलला, ठिपके लागले

मागच्या वेळी दोन खिळे ठोकून थांबलो होतो, आता कक्षा काढून झालीये. नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगतो, हॅलेच्या धूमकेतूची सूर्याभोवतीची लंबगोल कक्षा काढतोय, आठ बाय चार फुटांचं प्लाय आहे, स्केल १ एयूला (पृथ्वी-सूर्य अंतर) ५ सेंमी, सूर्याचा खिळा डाव्या कडेला, दुसरा तिथून १७२.५ सेंमीवर. दोन्हीभोवती ३५०.८ सेंमीचं दोऱ्याचं कडं टाकायचं आणि दोरा ताणून धरत पेन्सिल फिरवायची.

पहिल्यांदा घरातला सुती दोरा घेतला आणि तिथेच फसलो. हॅले सूर्याच्या सगळ्यात जवळ येतो तेव्हा अंतर ०.५९ एयू, म्हणजे बोर्डवर खिळ्यापासून जेमतेम २.९ सेंमी, बुध आणि शुक्र यांच्या कक्षांच्या मधे. माझी रेष शुक्राच्या वर्तुळाच्या बाहेरून गेली! दोरा फक्त दोन सेंमी ताणला गेला होता, पण त्यातला एक सेंमी थेट या टोकाला येतो आणि इथे एक सेंमी म्हणजे तीन कोटी किमी. लांबच्या टोकाला तेवढाच फरक पडला असणार पण तिथे १७५ सेंमीत तो डोळ्यांना कळतसुद्धा नाही. मग ब्रेडेड फिशिंग लाइन आणली, ती ताणत नाही, काम झालं.

आता ठिपके, म्हणजे धूमकेतू तेव्हा कुठे होता ते. दर वर्षाला एक, ९ फेब्रुवारी १९८६ पासून, तो सूर्याच्या सगळ्यात जवळ होता त्या दिवसापासून. केप्लरचं समीकरण (कोणत्या तारखेला तो कक्षेत कुठे असेल ते यावरून निघतं) स्प्रेडशीटमधे टाकलं, आधी आलेलं उत्तर परत त्याच समीकरणात घालत राहायची साधी पद्धत वापरली, पण सूर्याजवळच्या तारखांना शंभर ओळी खाली ओढल्या तरी आकडा सरकतच होता. न्यूटनची पद्धत (उताराचा अंदाज घेऊन उत्तराकडे झटपट सरकणारी) लावली तर चार-पाच ओळींत बसला, त्यामुळे कोणी करणार असाल तर सरळ तीच घ्या.

आणि ठिपके बघून मी खरंच बराच वेळ तिथेच बसून राहिलो. पहिल्याच वर्षाचा ठिपका सूर्यापासून २५ सेंमीवर, जवळपास गुरूच्या अंतरावर. पुढे ते जवळ जवळ येत जातात आणि नेपच्यूनच्या पलीकडे, ३५ एयूवर, दोन ठिपक्यांत एक सेंमीसुद्धा नाही. तिकडे वेग सेकंदाला ०.९ किमी, सूर्याजवळ ५४. तिकडे वर्षभरात जेवढं अंतर जातो तेवढं इकडे सहा दिवसांत. केप्लरचा दुसरा नियम (सूर्याजवळ वेग जास्त, लांब गेल्यावर कमी) शाळेत पाठ केला होता, पण तो असा बोटाने मोजता येतो हे आत्ता कळलं.

डिसेंबर २०२३ चा ठिपका लाल केलाय, तिथून तो वळला आणि आता परत येतोय, २८ जुलै २०६१ ला सूर्याजवळ. दुसऱ्या खिळ्यापाशी मात्र आकाशात काहीच नाही, मुलगी सारखी विचारते तिथे काय आहे म्हणून.

एक लक्षात ठेवा, हा बोर्ड हॅलेच्या स्वतःच्या प्रतलाचा (त्याची कक्षा ज्या सपाट पातळीत आहे तिचा) आहे, ग्रहांची वर्तुळं फक्त अंतर कळावं म्हणून काढलीत. पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी त्याच्या कक्षेचा कल १६२ अंश आहे, म्हणजे तो ग्रहांच्या उलट्या दिशेने फिरतो. पुढच्या टप्प्यात ग्रहांसाठी वेगळी काचेची पट्टी तिरकी बसवायची आहे, कोन पक्का धरून ठेवायला काय वापरावं ते अजून ठरत नाहीये, कोणी केलं असेल तर सांगा.