खळ्यामागचं खोकड

जानेवारीत कपाशीची शेवटची वेचणी झाली, पऱ्हाट्या उपटल्या आणि आमच्या पारोळ्याकडच्या मळ्यात घरापासून बांधापर्यंत सगळं मोकळं दिसू लागलं. मी जळगावला औषधांच्या दुकानात काम करते. शनिवारी रात्री माहेरी येते, सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत जाते. अशाच एका शनिवारी खळ्यातल्या कडब्याच्या गंजीखालून एक जनावर तोंडात उंदीर धरून पळालं.

"आप्पा, कोल्हा!" मी ओरडले.

"कोल्हा नही, खोकड शे ते," आप्पा म्हणाले. "शेपूट दखी नही का?"

कोल्हा आठ-दहा किलोचा, अंगानं भरलेला. खोकड जेमतेम अडीच-तीन किलोचं असतं. पाय काटकुळे, कान मोठे, आणि अर्ध्या अंगाहून लांब अशा झुबकेदार शेपटीचं टोक काळंभोर. चाळीस वर्षं शेती केलेल्या माणसाला ते अंधारातही कळतं. मला त्याचा फोटो हवा होता. जुना घेतलेला कॅमेरा आणि लांबचं जवळ दाखवणारी ७०-३०० ची लेन्स होतीच. दोन-तीन रविवारांत काम होईल असं वाटलं होतं, लागले चार महिने.

सुरुवातीलाच मी केलं ते चुकीचं होतं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. खोकड जवळ यावं म्हणून गंजीपाशी दुधात कुस्करलेली भाकर आणि उकडलेलं अंडं ठेवलं. तिसऱ्या रात्री वस्तीवरची चार कुत्री आली. पुढच्या रात्री सहा. आप्पा चिडले, "खोकडले जेवाले कोन बोलावस? कुत्राच येतीन." डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा रोग आणि रेबीज कुत्र्यांकडून खोकडात जातात, आणि कुत्र्यांचा कळप तर पिल्लांना जिवंत सोडत नाही. शिवाय आयतं खायला मिळालेलं खोकड माणसाला घाबरेनासं होतं, आणि सगळी माणसं आप्पांसारखी नसतात. मी वाटी उचलली, जागा धुऊन काढली. कुत्री फिरकायची थांबायला दोन आठवडे गेले.

मग फ्लॅशची चूक. कॅमेरा ऑटोवर राहिला होता, अंधारात लख्ख उजेड पडला आणि खोकड उलट्या पावली नाहीसं झालं. फोटोत फक्त दोन चमकते डोळे. त्यानंतर फ्लॅश बंद. मला पिवळ्या बल्बच्या उजेडातलं काही नकोच होतं, पहाटेचं हवं होतं.

त्याची यायची वेळ कळावी म्हणून मैत्रिणीचा, समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा सेन्सरवाला कॅमेरा आणला आणि गंजीजवळच्या खुंट्याला गुडघ्याच्या खाली बांधला. तोंड उत्तरेला, म्हणजे ऊन थेट भिंगात येत नाही. समोरचं गवत विळ्यानं कापलं, नाहीतर वाऱ्यानं हललेल्या प्रत्येक काडीचा फोटो निघतो. फेब्रुवारीत छान नोंदी मिळाल्या: पहाटे साडेपाच ते साडेसहा, आणि दिवेलागणीनंतर. मार्च संपता संपता मात्र संध्याकाळचे फोटो येईनात. खोकड गेलं असं समजून मी हिरमुसले. नंतर उलगडलं. हा सेन्सर जनावराचं अंग आणि भोवतालचा परिसर यांच्या उष्णतेतला फरक ओळखतो. आपल्याकडे संध्याकाळी सातलाही माती, दगड, भिंत तापलेलीच असते. फरकच उरला नाही तर यंत्राला खोकड कसं दिसणार? पहाटेच्या नोंदी चालूच होत्या.

दादानं मला पऱ्हाट्यांची लपण करून दिली. आधीच रचलेल्या पऱ्हाट्यांच्या गंजीत एक माणूस मांडी घालून बसेल एवढी पोकळी, पुढं लेन्सपुरतं भोक. नवीन तंबू उभा केला असता तर खोकड आठवडाभर बिचकलं असतं, ही गंजी त्याच्या ओळखीची होती. पाच वाजता जाऊन बसायचं. बसण्याआधी चिमूटभर माती सोडून वारा बघायचा. तो माझ्याकडून कडब्याच्या गंजीकडे जात असेल तर उठून घरी यायचं, कारण वास गेला की संपलं. शटर सायलेंटवर, तरी त्याचा आवाज येतोच, म्हणून कॅमेऱ्याला मायच्या जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळला.

आणि तरीही फोटो धुरकट! एप्रिलच्या पहिल्या रविवारी साडेआठ वाजता मादी बांधावरच्या बोरीखाली पूर्ण अंगानं उभी होती. मी पन्नास फोटो काढले, एकातही केस न् केस दिसेना. लेन्स बिघडली म्हणून दुकानात दाखवली. तिथल्या पोरानं भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढला, तारखा खणखणीत. दोष हवेचा होता. भेगाळलेली काळी जमीन तापली की तिच्यावरची हवा लहरू लागते आणि त्या थरातून लांबचं काहीही पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. यावर महागडी लेन्स हा उपाय नाही. अंतर कमी आणि वेळ लवकरची, एवढंच. बांधाकडे सरकणं मला मान्य नव्हतं. बांधात तीन-चार तोंडांचं बीळ होतं आणि आत पिल्लं असणार. माणसाचा वावर वाढला तर मादी पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे हलवते. म्हणून मी जागा सोडली नाही, सात वाजले की कॅमेरा झाकायचा एवढं ठरवलं.

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी ती खळ्यात आली. सूर्य नुकताच वर आला होता, लपणीपासून वीसेक पावलं. आयएसओ १६००, शटर १/५००. तिनं कान माझ्याकडे वळवले, मी श्वास रोखला. मग ती कडब्याकडे वळली, चारही पाय उचलून उडी मारली आणि उंदीर दाबला. मागून उजेड येत होता, कानांच्या कडा तांबूस झाल्या होत्या. मी सात फोटो काढले. ती उंदीर न खाता बांधाकडे गेली, तेव्हा कळलं की पिल्लं आहेत.

फोटो गावातल्या ग्रुपवर टाकला नाही. एकानं आधीच विचारलं होतं, "कोल्ह्याचं शिंग मिळेल का?" असं शिंग कोल्ह्याला नसतं आणि खोकडालाही नसतं, पण त्याच्या नावावर जनावरं मारली जातात. १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, पण शिंग मागणाऱ्याला आधी कुणी दाखवलं पाहिजे की बीळ कुठं आहे, आणि मी ते दाखवणार नाही.

मे महिन्यात दादा तो बांध जेसीबीनं सपाट करणार होता. मी फोटोची मोठी प्रत करून आणली. आप्पांनी ती डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिली. गाडी आली तेव्हा दादानं चालकाला विहिरीकडून सुरुवात करायला सांगितलं. बोरीचा तुकडा तेवढा राहिला आहे.