पावसातली निषिद्ध नगरी

मराठी पर्यटकांचे गट घेऊन मी अनेक वर्षे बीजिंगला जात आहे. तरीही जुलैमधल्या एका सकाळी निषिद्ध नगरीत, म्हणजे चिनी सम्राटांच्या जुन्या राजवाड्यात, जे पाहिले, ते आधीच्या कोणत्याही फेरीत माझ्या ध्यानात आले नव्हते.

दक्षिणेकडच्या वूमेन दरवाजातून आत शिरताना आभाळ गच्च भरले होते. मी नेहमीप्रमाणे सांगत होतो, की मिंग घराण्यातील योंगले सम्राटाच्या आज्ञेने १४०६ मध्ये काम सुरू झाले आणि १४२० मध्ये पूर्ण झाले; ९६१ मीटर लांब आणि ७५३ मीटर रुंद अशा या तटबंद आवारात पुढे दरबाराचे तीन प्रासाद, मागे राजकुटुंबाची निवासस्थाने आणि सारे एका सरळ उत्तर-दक्षिण रेषेवर. आतल्या सुवर्णजल नदीवरचे पाच संगमरवरी पूल ओलांडून थायहमेन दरवाजापाशी पोहोचलो आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली. सगळे दरवाजाच्या छताखाली दाटीवाटीने उभे राहिले. काहींचे म्हणणे पडले, की सरळ बसकडे परतावे. तेवढ्यात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गटातले एक काका म्हणाले, "अहो, थोडं थांबू या. एवढ्या फरसबंद चौकातलं पाणी जातं कुठे, ते मला बघायचंय."

समोर थायहदियेन, म्हणजे राज्याभिषेकाचा मुख्य प्रासाद, आठ मीटर उंचीच्या तीन टप्प्यांच्या शुभ्र दगडी चौथऱ्यावर उभा होता. या चौथऱ्याच्या कठड्याखालून व्यालमुखे, म्हणजे ड्रॅगनसारख्या प्राण्याची दगडी तोंडे, बाहेर डोकावतात, एकूण १,१४२. मी ती कायम नक्षीकाम म्हणून दाखवत आलो होतो. त्या दिवशी प्रत्येक मुखातून पाण्याची धार सुटली होती, वरच्या टप्प्यावरचे पाणी खालच्या टप्प्यावर आणि तिथून चौकात पडत होते, आणि कोपऱ्यांवरच्या मोठ्या मुखांतून तर जाड लोट कोसळत होते. चौथऱ्यावर पाणी साचू नये म्हणून केलेली ही योजना होती, हे मला तेव्हा उमगले.

जोर ओसरताच काका छत्री घेऊन चौकाच्या कडेला गेले आणि जिन्याच्या पायथ्याशी उकिडवे बसले. उघडे दगडी गटार जिन्यापाशी न अडता त्याच्या खालून कोरलेल्या भोकातून पलीकडे जात होते. जवळच जमिनीत बसवलेली दगडी झाकणे होती, जुन्या चिनी नाण्यासारख्या आकाराची भोके पाडलेली, आणि त्यांतून पाणी घुमत खालच्या बंदिस्त नाल्यात उतरत होते. काकांनी हाताने उतार दाखवला: चौक मधोमध उंच, कडांना सखल. साऱ्या आवाराचा उत्तर भागही दक्षिणेपेक्षा सुमारे दोन मीटर उंच आहे, त्यामुळे गोळा झालेले पाणी आपसूक त्या सुवर्णजल नदीला आणि पुढे बाहेरच्या खंदकाला मिळते. जी नदी मी शोभेची म्हणून ओलांडायला लावली होती, तीच या सगळ्या रचनेचा आधार होती. मला खरोखर वाईट वाटले, की इतकी वर्षे मी लोकांना फक्त वर बघायला सांगत आलो.

पाण्याचा इतका विचार करणाऱ्या या वास्तूचा मोठा शत्रू मात्र आग होता. उद्घाटनानंतर काही महिन्यांतच, १४२१ मध्ये, वीज पडून दरबाराचे तिन्ही प्रासाद जळाले; आज दिसणारा थायहदियेन १६९५ चा आहे. अंगणातले धातूचे प्रचंड रांजण आग विझवण्याचे पाणी साठवण्यासाठीच होते, आणि हिवाळ्यात ते गोठू नये म्हणून खाली निखारे पेटवीत. वनयुआनगे या ग्रंथालयाची कौले इतर इमारतींसारखी पिवळी नसून काळी आहेत, कारण चिनी संकेतानुसार काळा हा पाण्याचा रंग.

मागचे राजनिवास आम्ही झटपट पाहिले आणि उत्तरेच्या शेनवूमेन दरवाजातून बाहेर पडलो. ५२ मीटर रुंदीच्या खंदकाकडे पाहत काकांनी विचारले, "एवढा खंदक खणला, तर माती टाकली कुठे?"

मी समोरच्या जिंगशान टेकडीकडे बोट केले.