तुम्ही विचारलंत म्हणून : भुताच्या घरात कोण कोण राहतं?

कोरियन सिनेमांचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "त्यात कसलं आलंय वैविध्य आणि प्रतिनिधित्व? सगळेच तर कोरियन. त्यात तो झपाटलेल्या घराचा विनोदी सिनेमा!"

मी म्हणतो, 'ग्विशिनी सांदा' बघा. २००४चा, दिग्दर्शक किम सांग-जिन. नायक पिल-गी दक्षिण कोरियातल्या कोजे बेटावरच्या जहाजबांधणी कारखान्यात कामाला आहे. जन्म भाड्याच्या घरांत गेला, आणि मरताना बापानं एकच सांगितलं : स्वतःचं घर घे. तो राबून घर घेतो, तर तिथे योन-ह्वा नावाची बाई आधीच राहतेय, मेलेली. घर माझं आहे, म्हणते. तिचंही खोटं नाही.

आता हा सिनेमा काही फार सुबक नाही. कोंबड्यांच्या हल्ल्याचा प्रसंग तर असा रेटलाय की हसू ओसरून जांभई येते. पण नायक बंदरगावातला कामगार आहे, भांडण सातबाऱ्याच्या जातीचं आहे, आणि वीज अंगावर पडल्यावर पिल-गीला ती बाई दिसायला लागते, तेव्हापासून तिला बोलायला मिळतं. माझ्या लेखी प्रतिनिधित्व इथून सुरू होतं.

कारण कोरियन लोककथांत भूत व्हायचं कुणी, हे ठरलेलं असायचं. लग्नाआधी मेलेली मुलगी पांढऱ्या वस्त्रांत, केस मोकळे सोडून येते. लग्नाविना मेलेल्या पोराचं वेगळं भूत, बुडून मेलेल्याचं वेगळं. आपल्याला हे नवं नाही. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला तो मुंजा, बाळंतपणात गेलेली ती अळवंतीण. जिवंतपणी ज्यांचं काही राहून गेलं त्यांचीच ही यादी. मिऱ्यांग या कोरियन शहरातल्या आरांगची लोककथा तर सरळ तक्रार-अर्जाची आहे. खून झालेली ही मुलगी दर नव्या अधिकाऱ्यासमोर उभी राहते आणि तो भीतीनंच मरतो. शेवटी एक जण घाबरत नाही, म्हणणं ऐकून घेतो, खुन्याला शिक्षा होते. तिला कुणाला मारायचं नव्हतंच. भयपट त्या मेलेल्या अधिकाऱ्यांपाशी रमतो. विनोदी सिनेमाला मात्र न पळणारा माणूस लागतो, नाहीतर संवादच होणार नाहीत. म्हणून मला विनोदी बरे वाटतात.

पळून न जाण्याचं कारणही हल्ली बदललंय. २०२१च्या 'शो मी द गोस्ट'मध्ये बेकार दोस्त-मैत्रीण सोलमधल्या झपाटलेल्या घरात राहतात, कारण ते स्वस्त आहे. तिथल्या 'चॉन्से' पद्धतीत दरमहा भाडं नसतं, पण घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कमही अनामत म्हणून ठेवावी लागते. मुंबईत हेवी डिपॉझिट भरलेल्यांना समजावून सांगायला नको. अशा शहरात परवडणारं घर मिळाल्यावर भुताला कोण भितो?

तरी तुमच्या प्रश्नात तथ्य आहे, आणि ते मला टोचतं. ऑगस्ट २००४मध्ये दक्षिण कोरियानं परदेशी कामगारांसाठी नवी परवाना पद्धत सुरू केली. पिल-गीचा सिनेमा पुढच्याच महिन्यात लागला. आज त्याच कोजेच्या कारखान्यांत परदेशी वेल्डर आणि रंगारी कामाला आहेत. २०२३च्या अखेरीस देशात सुमारे २५ लाख परदेशी लोक होते. पडद्यावर ते अधूनमधून येतात. 'स्क्विड गेम' या कोरियन मालिकेतला अली आठवत असेल, पाकिस्तानी कामगार, साकारला दिल्लीच्या अनुपम त्रिपाठीनं. पगार बुडवला गेलेला, सगळ्यांना 'साहेब' म्हणणारा, भाबडा. लोकांना तो फार आवडला. मला अनुपम आवडला; पात्राचा भाबडेपणा जरा जास्तच सोयीचा वाटला.

झपाटलेल्या घराच्या विनोदात तर असं ठळक पात्र मला अजून भेटलेलं नाही. एखाद्या नेपाळी वेल्डरचं भूत कोजेतल्या भाड्याच्या खोलीत अडून बसलंय, थकलेला पगार मागतंय आणि नव्या भाडेकरूशी मोडक्या कोरियनमध्ये हुज्जत घालतंय, असा सिनेमा कुणी काढला तर तिकीट मी आजच काढतो. कोंबड्या घातल्या तरी चालतील.