क्ले, तार आणि बंद पंखा

स्टॉप-मोशन, म्हणजे बाहुली (पपेट) जराजराशी हलवत एकेक फोटो काढून केलेलं अॅनिमेशन, त्यात सेकंदाला २४ फ्रेम्स ऐकून घाबरायला होतं, पण बरेच जण टूजवर काम करतात, म्हणजे एक पोझ दोन फ्रेम धरायची, मग सेकंदाला १२च फोटो लागतात. तरी साधं चार पावलं चालवायचं म्हटलं तर अख्खी दुपार जाते राव! माझ्या पपेटच्या आत पिळलेल्या अॅल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा आणि वरून क्ले, मे महिन्यात ती इतकी मऊ पडते की वर केलेला हात हळूहळू खालीच यायला लागतो आणि पंखा लावावा तर मागचा कागदाचा सेट हलतो. खिडकीपण बंद, कारण ऊन सरकलं की फ्लिकर (फ्रेमगणिक उजेड कमीजास्त दिसणं) आलाच. मोबाईलचं एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं लॉक करायचं, ट्रायपॉडचे पाय टेपने फरशीला चिकटवायचे (आईला नेमका तिथेच झाडू मारायचा असतो, तो वेगळा विषय). ओनियन स्किन नावाच्या सोयीत आधीची फ्रेम पुसट दिसते म्हणून किती सरकवायचं ते कळतं तरी. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याची वाढ अशीच फ्रेम फ्रेम करून टिपली होती, तेव्हा कसला प्रिव्ह्यू आणि कसलं अनडू! सध्या पापण्या करतेय, क्लेचे बारीक तुकडे टाचणीने डोळ्यावर बसवायचे, अर्धी मिटलेली पापणी अजून झोपाळू दिसते.