दहबचं ब्लू होल: तीस मीटरवरून मागे फिरा

मी ऐरोलीचा, मेहुणा ठाण्याचा. दोघांचंही पहिलं स्कूबा मालवणात झालं, तेही गढूळ पाण्यात. पुढे अंदमानात ॲडव्हान्स्ड कोर्स केला, तीसेक डाइव्ह जमा झाल्या, आणि गेल्या ऑक्टोबरात आम्ही इजिप्तमधलं दहब गाठलं. मुंबईहून कैरो, तिथून शर्म अल शेख, पुढे दीडेक तास रस्त्याने. व्हिसा आधीच काढून ठेवा. डायव्हिंगचा विमाही वेगळा घ्या, कारण साध्या प्रवास विम्यात स्कूबाला अनेकदा खोलीची अट असते, नाहीतर ते वगळलेलंच असतं.

ब्लू होल म्हणजे किनाऱ्यालगतचा समुद्रातला खोल खड्डा, गावापासून जीपने अर्ध्या तासाच्या आत. किनाऱ्यावर चहा-जेवणाच्या टपऱ्या, उंट, आणि चार पावलांवर पाण्यात गडद निळं वर्तुळ. खोली शंभर मीटरच्या आसपास. बाजूच्या कड्यावर इथे जीव गमावलेल्यांच्या नावांच्या पाट्या लावल्यात. पाण्यात उतरण्याआधी त्या वाचा. मेहुणा वाचून गप्प झाला. एरवी तो गप्प बसत नाही.

त्यातले बहुतेक जण जिच्यापायी मेले ती कमान, म्हणजे ब्लू होलमधून बाहेरच्या समुद्रात निघणारा पाण्याखालचा बोगदा, साधारण ५५ मीटरवर सुरू होते. घोडबंदर रोडवरच्या अठरा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली बघा, म्हणजे अंदाज येईल. तिथे दाब पृष्ठभागाच्या साडेसहा पट, म्हणजे प्रत्येक श्वासाला टाकीतली हवाही साडेसहा पट जाते. शिवाय नायट्रोजनची गुंगी चढते, आणि गुंगलेल्याला आपण गुंगलोय हे कळत नाही. कमानीचा बोगदा सुमारे २६ मीटर लांब, पण पाणी इतकं स्वच्छ की पलीकडचा उजेड हाताशी आल्यासारखा वाटतो. साध्या हवेच्या एका टाकीवर तिकडे जायचंच नाही. ते टेक्निकल डायव्हर्सचं काम, वेगळी गॅस मिश्रणं आणि वेगळं प्रशिक्षण घेऊन.

आम्ही नेहमीचा मार्ग घेतला. उत्तरेच्या 'बेल्स' नावाच्या फटीतून धुरांड्यासारखं खाली उतरायचं, साधारण २७ मीटरवर बाहेरच्या भिंतीला निघायचं, आणि भिंत उजव्या खांद्याला ठेवून दक्षिणेला पोहायचं. शेवटी ६-७ मीटरवरच्या खोगिरावरून, म्हणजे खड्ड्याच्या कडेच्या उथळ भागावरून, ब्लू होलमध्ये शिरायचं. ठरलेली मर्यादा ३० मीटर. माझी चूक इथेच झाली. फटीतून बाहेर आलो, खाली तळच नाही, नुसता निळा रंग. मी तो बघत राहिलो. गाइडने पायातल्या फिनला धरून ओढलं तेव्हा मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर ३४ मीटर खोली दाखवत होता. मला वाटत होतं, मी एकाच जागी तरंगतोय.

म्हणून सांगतो: खाली तळ नसला की डोळ्यांवर विसंबू नका, दर काही सेकंदांनी कॉम्प्युटर बघा. आमच्या टाकीत साधी हवाच होती, पण ३२ टक्के नायट्रॉक्स (३२ टक्के ऑक्सिजन असलेली हवा) घेणार असाल तर तिची सुरक्षित हद्द ३३-३४ मीटर आहे, आणि मी नेमका तिथेच होतो. बेल्समध्ये घुसण्याआधी कान मोकळे होताहेत ना ते पहिल्या पाच मीटरमध्ये तपासा, कारण फटीत मागून माणसं येत असतात आणि पुन्हा वर जाणं अवघड. टाकीत किती हवा उरली की मागे फिरायचं, हे किनाऱ्यावरच बोलून घ्या. तीसेक डाइव्ह नसतील तर बेल्स सोडा, खोगिराच्या आसपासच पोहा. माझ्या मते तोच भाग सुंदर आहे, नारिंगी मासे आणि उन्हाचे कवडसे तिथेच.

खोगिराजवळ ५ मीटरवर तीन मिनिटं थांबून वर आलो. चहा पिताना मेहुणा म्हणाला, "दाजी, ताईला चौतीस सांगू की तीस?" मी त्याच्या चहाचे पैसे दिले.

शेवटची डाइव्ह आणि परतीचं विमान यांत किमान १८ तास ठेवा. आम्ही पूर्ण एक दिवस ठेवला आणि बाजारात मसाले घेत फिरलो.