पेशीने पट्टे उतरवले त्या दिवशी

कोंबडीच्या अंड्यांवर पीएचडी करते असं सांगितलं की नातेवाईक आधी हसतात आणि मग हमखास विचारतात, काम झाल्यावर अंड्यांचं काय करता गं. (खात नाही. नियमाप्रमाणे विल्हेवाट लावतो.) खरं तर माझं काम अंड्यावर नाही, आतल्या भ्रूणाच्या हृदयावर. अंडं उबवायला ठेवलं की जेमतेम दीड दिवसात हृदय धडधडायला लागतं आणि तेव्हा ते म्हणजे नुसती एक नळी असते, कप्पे नाहीत, झडपा नाहीत, तरी ठोके चालू. मग ज्या धाग्यांच्या जोरावर पेशी आकुंचन पावते ते धागे ती बनवते कधी आणि कसे, हा माझा विषय.

पद्धत थोडक्यात सांगते. साधारण आठवडाभराच्या भ्रूणाचं हृदय काढायचं, दोन-तीन मिलिमीटरचं असतं, बारीक कातरून ट्रिप्सिनमध्ये (पेशींना जोडून ठेवणारी प्रोटीनं तोडणारं एन्झाइम) पेशी सुट्या करायच्या. त्यात फायब्रोब्लास्ट, म्हणजे न धडधडणाऱ्या आधारपेशी, पण येतात, पण ते आधी चिकटतात, म्हणून सगळं थोडा वेळ साध्या प्लेटमध्ये ठेवायचं आणि जे तरंगत राहील ते आपलं. मग त्या पेशींमध्ये हिरवं चमकणारं अल्फा-अ‍ॅक्टिनिन घालायचं. हे प्रोटीन झेड-डिस्कमध्ये, म्हणजे धाग्यावरच्या आडव्या जोडपट्टीत, बसतं आणि दोन झेड-डिस्कच्या मधला जो साधारण दोन मायक्रोमीटरचा तुकडा तोच सार्कोमिअर, आकुंचनाचं सगळ्यात छोटं युनिट. मायक्रोस्कोपखाली ते हिरवे आडवे पट्टे एका ओळीत दिसतात आणि दर ठोक्याला जवळ येतात, लांब जातात. कितीही वेळा बघितलं तरी मी दोन मिनिटं नुसती बघत बसते, खोटं कशाला बोलू.

तर त्या दिवशी गुरुवार. पुण्यात गुरुवार म्हणजे लाइट जाणार हे गृहीत धरायचं, त्यामुळे रात्रभर टाइमलॅप्स (ठरावीक वेळाने आपोआप फोटो) लावलेला असला की सकाळी पोटात गोळा असतोच. मी पोचले तर आमचा ज्युनिअर आधीच स्क्रीनसमोर तोंड पाडून बसलेला. म्हणाला, ताई, तुमची चांगलीवाली सेल गेली बहुतेक. बघितलं तर खरंच, काल संध्याकाळी इतके सुरेख पट्टे असलेली पेशी आता गोल होऊन बसलेली, पट्टे गायब, सगळीकडे नुसतं हिरवट धुकं, ठोका पण नाही. पण मेलेली पेशी आक्रसते, तिला फोड येतात, ही गुळगुळीत आणि टम्म होती, म्हणून म्हटलं हात लावू नकोस, चालू दे.

रात्रीच्या फ्रेम मागे नेऊन बघितल्या तर झेड-डिस्कच्या रेघा आधी फिकट झाल्या, मग तुटक, मग विरघळल्यासारख्या. आणि आम्ही बघत असतानाच पेशीच्या मधोमध खाच पडायला लागली. विभाजन! भ्रूणातल्या हृदयपेशी पट्टे असतानाही विभागतात आणि त्यासाठी धागे मोडून मोकळे करतात हे पेपरमध्ये वाचलेलं होतं, पण आपल्याच डिशमध्ये समोर होताना बघणं वेगळंच. त्यात नेमकी लाइट गेली. यूपीएस ओरडायला लागला, ज्युनिअर जनरेटर सुरू झाला का बघायला धावला, मी मात्र स्टेज हीटरचा आकडा सोडून कुठेच बघत नव्हते, ३७ वरून खाली आलं असतं तर संपलं होतं. नाही आलं.

दुपारपर्यंत दोन्ही पेशी काचेवर पसरायला लागल्या आणि खरी मजा तिथे आहे. बांधकाम कडेपासून सुरू होतं. अगदी काठाला बारीक हिरवे ठिपके उमटतात, झेड-बॉडी म्हणतात त्यांना, एकमेकांपासून मायक्रोमीटरपेक्षा कमी अंतरावर, एका ओळीत. या टप्प्यावर धाग्यात हृदयाचं मायोसिन, म्हणजे धागे ओढून आकुंचन घडवणारं प्रोटीन, नसतंच, साध्या पेशींत असतं तसलं नॉन-मसल मायोसिन असतं. मग टायटिन येतं, माणसाच्या शरीरातलं सगळ्यात मोठं प्रोटीन, हृदयाचं मायोसिन येतं, ठिपक्यांमधलं अंतर वाढत जातं, शेजारशेजारचे ठिपके जुळून सलग रेघ होते आणि ते नॉन-मसल मायोसिन बाहेर पडतं. सँगर दांपत्याने १९९७ मध्ये जिवंत पेशीत असंच हिरवं अल्फा-अ‍ॅक्टिनिन घालून हे दाखवलं होतं. सगळ्यांना त्यांचं मॉडेल पटत नाही, काही जण म्हणतात जाड (मायोसिनचे) आणि पातळ (अ‍ॅक्टिनचे) धागे वेगवेगळे तयार होतात आणि नंतर जोडले जातात, पण मला तरी काठावर जे दिसलं ते सँगरांच्या बाजूचं वाटलं.

संध्याकाळी दोघींपैकी एकीच्या मध्यावर पट्टे परत आले आणि ती धडधडायला लागली, काठाला अजून नुसते ठिपकेच होते तरी. विद्यापीठ चौकात वर मेट्रोचं काम आणि खालून ट्रॅफिक, तसलाच प्रकार. दुसरी पेशी मात्र नुसती पसरून बसली होती, का ते माहीत नाही.

माझ्या गाइड मॅडमना बोलावलं, त्या उभ्या राहूनच बघत होत्या. ज्युनिअरने विचारलं, मॅडम, मग हार्ट अटॅकनंतर मोठ्या माणसाच्या पेशी असं का नाही करत. मॅडम म्हणाल्या, करतात, पण नगण्य. मग त्यांनी २००९ चा तो अभ्यास सांगितला, अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ वरून हृदयपेशींचं वय काढलं होतं तो. पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का पेशी नव्या होतात आणि पंचाहत्तरीपर्यंत ते ०.४५ टक्क्यांवर येतं. बॉम्बच्या धुरळ्यातून हृदयाचं वय काढायचं कुणाला सुचलं असेल कोण जाणे! प्रौढ पेशीत धागे इतके गच्च भरलेले असतात की ते मोडून विभागणं हे भ्रूणातल्या पेशीसारखं सोपं नाही, बाकीही अडचणी आहेत पण ही एक मोठी.

रात्री डिश फिक्स करून, म्हणजे पेशी आहेत तशा गोठवून, दोन्ही मायोसिन वेगवेगळी दिसावीत म्हणून स्टेन केली, म्हणजे रंगवली. मध्यावर हृदयाचं मायोसिन, काठाला नॉन-मसल, आणि त्या दोन्हींच्या मध्ये एक भाग जिथे दोन्ही एकाच धाग्यावर. फोटो बघून मॅडमनी शाबासकी दिली आणि लगेच कंट्रोल, म्हणजे पडताळणीचा प्रयोग, सांगितला, विभाजन झाल्या झाल्या ब्लेबिस्टॅटिन या रसायनाने मायोसिन बंद करून ठिपक्यांच्या रेघा होतात का बघ. आता गोची अशी की साधं ब्लेबिस्टॅटिन निळ्या उजेडात खराब होतं, वर पेशींना विषारी ठरतं, आणि आमचं हिरवं प्रोटीन चमकवायला निळाच उजेड लागतो. त्याचाच उजेडात टिकणारा नायट्रोवाला प्रकार मिळतो, पण तो महाग आहे. ऑर्डर टाकलीये, सध्या फाइल अकाउंट्समध्ये आहे.