मधली दरी

शनिवार, रात्री उशिरा

सहाशे किलोमीटर हा आकडा घरात सगळ्यांच्या डोक्यात बसलाय. फ्रेंच आल्प्समधल्या थ्री व्हॅलीज या तीन दऱ्यांच्या स्कीक्षेत्रात एकमेकांना जोडलेले एवढे स्कीचे उतार आहेत, आणि भाच्याने ‘रोज शंभर’ असा हिशोब मांडून कागद फ्रिजवर चिकटवलाय. चिकटवू दे. त्या वयात आकड्यांचीच भूक असते. पण आठवडाभराच्या सुट्टीत आपल्याला खरे लागतात ते आवडीचे दहा-बारा उतार आणि संध्याकाळी मुक्कामी परतायची वाट. परतीच्या वाटेबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाहीये.

आज जेवणं झाल्यावर नकाशा नीट पाहिला. रिसॉर्टचे नकाशे मोजून काढलेले नसतात, रंगवलेले असतात. डोंगर थोडा पुढे झुकवायचा, दरी जरा उघडून दाखवायची, म्हणजे सगळे उतार एका कागदावर दिसतात. त्यामुळे एका टोकाचं कूर्शेव्हेल आणि दुसऱ्या टोकाचं व्हाल तोराँस अगदी शेजारी-शेजारी वाटतं. माणसांना डोंगरावर चढवणाऱ्या लिफ्ट चालू आहेत तोवर ते तसं आहेही. सोलीरच्या माथ्यावर, म्हणजे २७०० मीटरच्या वर चढायचं, पलीकडे मेरिबेलच्या दरीत उतरायचं, पुन्हा चढायचं, पुन्हा उतरायचं. लिफ्ट थांबल्या की मात्र चित्र पालटतं. गाडीरस्ता माथ्यावरून जात नाही. तो खाली मूतिए गावापर्यंत उतरतो आणि दुसऱ्या दरीने पुन्हा वर चढतो. म्हणजे तासाहून जास्त टॅक्सी, तीही पायात ओले स्कीबूट घालून.

शेवटच्या लिफ्टची वेळ हिवाळ्यात साधारण चार-साडेचारच्या आसपास असते. त्यातही वारा सुटला की सगळ्यात आधी माथ्यावरच्या लिफ्ट थांबवतात, आणि दऱ्या जोडणाऱ्या लिफ्ट नेमक्या तिथेच असतात. सकाळी लख्ख ऊन बघून पार पलीकडच्या टोकाला गेलेला माणूस दुपारी दोनलाच अडकून पडू शकतो. दादाला हे फोनवर सांगितलं, तर म्हणाला, ‘अगं, बघू तेव्हाचं तेव्हा.’ दादाचं सगळंच तेव्हाचं तेव्हा असतं.

मुक्काम कुठे करायचा यावरून आठवडाभर वाद चाललाय. दादाला व्हाल तोराँस हवंय, कारण ते २३०० मीटरवर आहे आणि तिथे बर्फाची चिंता नाही. उंचीच्या बाबतीत त्याचं बरोबरच आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे खाली पाऊस पडत असतानाही वर बर्फ पडू शकतो. पण तिथे झाड नावाला नाही. ढग खाली उतरले की आकाश आणि जमीन एकच पांढरं होऊन जातं, पुढचा उंचवटा पायाखाली येईपर्यंत कळत नाही, आणि जागच्या जागी उभं असताना सुद्धा आपण घसरतोय असा भास होतो. अशा दिवशी झाडीतल्या उतारांवर जावं. खोडांच्या काळ्या रेघांमुळे डोळ्यांना काहीतरी धरायला मिळतं. शिवाय इतक्या उंचीवर पहिल्या रात्री बऱ्याच जणांना धड झोप लागत नाही.

वहिनीला कूर्शेव्हेल हवंय. १९९२च्या हिवाळी ऑलिम्पिकमधल्या स्की-उड्या तिथे झाल्या होत्या, हे तिने कुठूनतरी वाचून काढलं. स्वतः ती आयुष्यात पहिल्यांदा स्कीवर उभी राहणार आहे, उड्यांचं काय करणार कोण जाणे. पण तिची निवड वाईट नाही. तिथले बरेचसे उतार उत्तरेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे बर्फ टिकतो, आणि शिकणाऱ्यांसाठी सौम्य उतारही पुष्कळ आहेत.

माझं मत मेरिबेलच्या दरीला, आणि तिथेही वरच्या बाजूच्या मोतारेला. साधारण १७५० मीटर उंची. कारण एकच. ही दरी मधली आहे. डावीकडे जा नाहीतर उजवीकडे, मुक्काम आणि आपण यांच्यामध्ये डोंगराची एकच धार असते. दरीच्या एका बाजूला सकाळचं ऊन, दुसऱ्या बाजूला दुपारचं, त्यामुळे सूर्याच्या मागे-मागे फिरायची सोय होते. थंडीच्या दिवसांत उन्हात खेळायचं. मार्चमध्ये मात्र वेळ साधावी लागते, कारण रात्री गोठलेला बर्फ सकाळी काचेसारखा टणक असतो आणि दुपारपर्यंत त्याचा चिखल होतो. मधल्या तास-दोन तासांत मऊ पडलेला उतार ज्याला सापडला त्याची मजा.

दादाने शेवटी ‘बरं बाई, तुझंच खरं’ म्हणून फोन ठेवला. लगेच मोतारेचं राहण्याचं ठिकाण पक्कं करून टाकलं, सकाळी त्याचा विचार बदलायच्या आत.

रविवार

तारखा मार्चच्या मध्याच्या ठरल्या. फेब्रुवारीच्या सुट्ट्या फ्रान्समध्ये तीन विभागांना पाळीपाळीने मिळतात, त्यामुळे जवळजवळ महिनाभर रांगाच रांगा. जानेवारीत गर्दी कमी, पण थंडी कडक आणि दिवस लहान. तेवढं आम्हाला झेपणार नाही.

आज भाच्याला उतारांचे रंग समजावून सांगितले. फ्रान्समध्ये हिरवा सगळ्यात सोपा, मग निळा, लाल आणि काळा. अमेरिकेत लाल नसतोच. तिथे हिरवं वर्तुळ, निळा चौकोन आणि काळा हिरा. तो म्हणाला, ‘आत्या, मी डायरेक्ट लाल.’ त्याला म्हटलं, रंग फक्त उतार किती अवघड ते सांगतो, बर्फाची हालत सांगत नाही. सकाळी नुकताच यंत्राने सारखा केलेला लाल उतार बरा, पण दिवसभर शेकडो लोकांनी ओरबाडलेला, ढिगारे झालेला, चार वाजताचा निळा नको. आणि मुक्कामाकडे जाणारा शेवटचा उतार बहुतेक वेळा नेमका तसाच असतो. सगळे थकलेले, सगळे घाईत, आणि वाट एकच. मग एक नियम त्याच्याकडून घोकून घेतला. आपल्या खाली जो आहे त्याचा हक्क पहिला, त्याला चुकवायची जबाबदारी वरून येणाऱ्याची. हा आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमांतला आहे, आत्याचा नाही, हे मुद्दाम सांगावं लागलं.

लिफ्टच्या पासचं गणित चौघांना वेगवेगळं लागू पडतं. एका दरीचा पास वेगळा आणि तिन्ही दऱ्यांचा वेगळा. वहिनीला सुरुवातीला खालच्या दोन-तीन लिफ्टच लागतील. तिच्यासाठी मोठा पास घेणं म्हणजे निव्वळ हौस. त्यापेक्षा ते पैसे शिकवणीत घालावेत. दादा शिकवतो म्हणतोय, पण नवऱ्याने बायकोला बर्फावर शिकवू नये असं माझं ठाम मत आहे. रोज सकाळची गटशिकवणी तिच्या नावाने नोंदवली.

विम्याचे कागद मात्र मन लावून वाचले. फ्रान्समध्ये उतारावर जायबंदी झालेल्याला घसरगाडीवरून खाली आणण्याचे पैसे त्याच्याकडूनच घेतात. हेलिकॉप्टर लागलं तर विचारायलाच नको. नेहमीच्या प्रवासविम्यात स्कीइंग वगळलेलं असू शकतं, आणि स्कीइंग धरलेलं असलं तरी आखलेल्या वाटेबाहेरचा बर्फ धरलेला असेलच असं नाही. तिथे पाससोबत ‘कारे नेज’ नावाचा विमा मिळतो, तो चौघांचाही घ्यायचा ठरलं.

राहिलं सामान. स्की भाड्याने घ्याव्यात, त्यात काही बिघडत नाही. खरी परीक्षा बुटांची. माप सेंटिमीटरमध्ये असतं, म्हणजे सरळ पावलाची लांबी. नवखा माणूस नेहमी एक नंबर मोठा मागतो, कारण बूट घालून ताठ उभं राहिलं की बोटं पुढे टेकतात. ती टेकायलाच हवीत. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की टाच मागे सरकते आणि बोटं मोकळी होतात. टाच जागची उचलली गेली तर बूट सैल आहे, मग तो कितीही मऊ वाटो. मोजे पातळ आणि एकच जोड. दोन घातले तर रक्त अडतं आणि पाय जास्तच गारठतात.

दुकानात उंची, वजन, वय आणि कितपत येतं ते विचारतात, आणि त्यावरून बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, स्प्रिंग किती घट्ट करायचा ते ठरतं. पडल्यावर स्की सुटून निघाली पाहिजे, आणि वळताना उगाच सुटता कामा नये. वजन पाच-सात किलो कमी सांगितलं किंवा ‘मला छान येतं’ अशी फुशारकी मारली की हा तोल बिघडतो. पहिल्यात स्की उगाच सुटते, दुसऱ्यात वेळेवर न सुटलेल्या स्कीबरोबर गुडघा पिळवटतो. वहिनीने लगेच खरं वजन लिहून दिलं. दादाचा मेसेज आला: ‘साधारण ऐंशी धर.’ त्याला आता वजनकाट्याचा फोटो पाठवायला सांगितलाय.